दोन प्रतिध्वनींच्या मधे

पोलादातून ध्वनी सेकंदाला साधारण ५,९०० मीटर वेगानं जातो आणि माणसाच्या मऊ अंगातून १,५४०. पहिला आकडा मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. माझा पगारच त्याच्यावर आहे. दुसरा मी या पावसाळ्यात शिकले, चिंचवडच्या एका सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर, सांगितल्याप्रमाणे भरपूर पाणी पिऊन बसलेली असताना.

चाकण एमआयडीसीत, महाळुंग्याच्या बाजूला, एका फोर्जिंग कंपनीच्या क्वालिटीत मी अल्ट्रासॉनिक टेस्टिंग करते. आम्ही नुसतं ‘यूटी’ म्हणतो. भट्टीतून निघालेला लालभडक बिलेट हॅमरखाली जातो, जमीन हादरते, त्याचा अॅक्सल होतो किंवा क्रँकशाफ्ट होतो. मग तो थंड होऊन, शॉट ब्लास्टिंगमधून राखाडी होऊन माझ्यापर्यंत येतो. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या पोलादाच्या पोटात काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. हा अॅक्सल उद्या एखाद्या भरलेल्या ट्रकखाली कसारा घाटात असेल, आणि आत केसाएवढी भेग असेल तर ती तिथे बोलेल. ती इथेच, टेबलावर बोलावी म्हणून मी आहे.

शिफ्टची सुरुवात कॅलिब्रेशन ब्लॉकनं होते. ज्याची जाडी ठाऊक आहे अशा तुकड्यावर मशीन खरं सांगतंय ना, हे आधी बघायचं आणि मगच जॉबला हात लावायचा. जॉबवर कपलंट, म्हणजे जेल किंवा तेल, लावायचं, कारण प्रोब आणि लोखंड यांच्या मधे हवेचा पातळसा पदर राहिला तरी ध्वनी आत शिरत नाही, दारातूनच परत फिरतो. प्रोबमधला स्फटिक सेकंदाला वीस ते चाळीस लाख वेळा थरथरतो. कानाला काहीही ऐकू येत नाही. स्क्रीनवर डावीकडे एक उंच टोक उठतं, ते ध्वनी निघाल्याचं. उजवीकडे दुसरं, ते पलीकडच्या पृष्ठभागावर आदळून परत आल्याचं, त्याला आम्ही बॅकवॉल म्हणतो. या दोन टोकांच्या मधे सपाट रेघ हवी. तळाशी थोडं ‘ग्रास’ चालतं, बारीक थरथर, ते धातूच्या कणांचं असतं. पण मधेच एखादं टोक ताठ उभं राहिलं, की आत भेग आहे, पोकळी आहे, नाहीतर पोलाद ओततानाच अडकलेली मळी आहे. मग लाल रंग आणि रिजेक्शनचा पिंजरा.

त्या मधल्या जागेत काहीही नसावं, एवढीच इच्छा मी गेली कित्येक वर्षं रोज करत आले आहे.

पाळी चुकली त्याआधीच मला वास येऊ लागले होते. येत होतेच म्हणा, पण आता ते अंगावर येऊ लागले. कूलंटचा वास, ज्याच्यात मी इतकी वर्षं डबा खाल्ला, तो एका सकाळी गेटपाशीच घशात उतरला. कंपनीची बस भोसरीहून निघते. मोशीच्या पुढे इंद्रायणीचा पूल आला की खिडकी लावून घ्यायची, हे मला शिकावं लागलं. चाकणला बाजार समितीच्या अलीकडे कांद्याचे ट्रक उभे असतात. चाकणचा कांदा म्हणजे या भागाची शान, कारखाने येण्याच्या कितीतरी आधीपासूनची, आणि मला त्याच कांद्यानं ट्रॅफिकमधे अडकलेल्या बसमधे रडवलं. शेजारची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, गॅस झालाय का?’ मी हो म्हटलं.

छाती दुखायची, स्पीडब्रेकरला हात आडवा धरावा लागायचा. दुपारी तीनच्या सुमाराला अशी झोप यायची की उभ्या जागी पापणी मिटावी. लघवीला सारखं जावं लागायचं, आणि बायकांचं टॉयलेट शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, कँटीनच्या मागे. कँटीनच्या मावशींनी मला दोनतीनदा जाताना बघितलं असेल. चौथ्या वेळी माझ्या चहाच्या जागी लिंबूपाणी ठेवलेलं होतं आणि शेजारी साखर-मीठ. त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. घरात किट आणून दोन रेषा बघितल्यावर नवऱ्याच्या आधी कुणाला कळलं असेल तर त्यांना.

नंतर डॉक्टरांनी समजावलं तेव्हा या साऱ्या गडबडीमागचं काम मला कळलं. गर्भ रुजला की त्याच्याभोवतीच्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक तयार करतात आणि सुरुवातीच्या आठवड्यांत ते दोनतीन दिवसांत दुप्पट होत जातं. घरच्या किटमधली दुसरी रेष त्याचीच. मळमळीशीही त्याचा संबंध असावा, असा अंदाज आहे. प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाला शांत ठेवतं आणि आतड्यांनाही संथ करतं, म्हणून अन्न पोटात रेंगाळतं, म्हणून गॅस. ती झोपही त्याचीच. अंगातलं रक्त वाढायला लागतं. मूत्रपिंडं जास्त काम करू लागतात. हे सगळं चालू असताना बाहेरून मात्र काहीही दिसत नाही, कारण बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आतच असतं. ड्रेस तोच, सेफ्टी शूज तेच, हेल्मेट तेच. आतली सगळी व्यवस्था नव्यानं लावली जात होती आणि लाइनवर कुणाला पत्ता नव्हता.

आईनं फोनवर एकच ताकीद दिली होती. ‘तीन म्हैने होऊस्तोर कुनाला सांगू नकोस.’ मी आधी त्याला नजर लागण्याची भीती समजत होते. आता मला त्यात एक शहाणपण दिसतं. कळलेल्या दर शंभर गरोदरपणांतली दहा ते वीस पुढे टिकत नाहीत, आणि त्यातली बहुतेक या पहिल्या तीन महिन्यांतच जातात. जवळजवळ निम्म्यांच्या मुळाशी गुणसूत्रांची अगदी पहिलीच जुळणी चुकलेली असते, बाईच्या चालण्या-बसण्याशी त्याचा संबंध नसतो. पण गावात तो संबंध लावला जातोच. गाडीवर बसली, पपई खाल्ली, कंपनीत जात होती. ज्या बाईचं गेलं तिला निदान जाब तरी द्यावा लागू नये, म्हणून आधीच्या बायकांनी हे तीन महिन्यांचं मौन शोधून काढलं असावं. मी ते पाळलं. सुपरवायझरला मात्र सांगितलं, कारण तीस-पस्तीस किलोचे जॉब फिरवणं आता नको होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासोबत एक हेल्पर दिला. मी रीतसर लिहूनही दिलं. उपकार म्हणून मिळालेली गोष्ट सुपरवायझर बदलला की जाते.

मग तो चिंचवडचा बाक. समोर भिंतीवर पाटी: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. काउंटरवर फॉर्म एफ. नाव, पत्ता, आधीची मुलं किती, त्यात मुलगे किती, मुली किती, तपासणी कशासाठी. आणि खाली मला सही करायची होती की या तपासणीतून गर्भाचं लिंग जाणून घेण्याची माझी इच्छा नाही. डॉक्टरही आपल्या बाजूनं लिहून देतात, मी ते पाहिलं नाही, सांगितलं नाही. सातव्या आठवड्यात ते दिसण्याची शक्यताच नसते, तरी सही लागते. मी सही केली आणि पेन थोडा वेळ हातातच राहिलं.

आत टेबलावर आडवी झाले. ओटीपोटावर जेल पडलं, गार. का लावतात ते मला सांगायची गरज नव्हती. प्रोब टेकला. डॉक्टरांनी हात किंचित वळवला, दाब थोडा कमी केला, पुन्हा वळवला, आणि माझं मनगट चादरीखाली आपोआप त्यांच्याबरोबर वळलं. ते कौशल्य मी ओळखते. समोरून ध्वनी परत येत नसेल तर तो शोधायला कोन बदलावा लागतो, घाई करून चालत नाही. ‘छोटं आहे अजून,’ त्या म्हणाल्या, ‘लघवी करून या, आतून बघू.’

आतून बघताना त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. करड्या रंगात एक काळी जागा होती. पाण्यातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून ती काळी, गर्भपिशवीतलं पाणी. त्यात एक बारीक कडं, ती योक सॅक. आणि कड्याला लागून एक पांढरट दाणा. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी दोन खुणा ठेवल्या, मशीननं आकडा दिला: १० मिलिमीटर. एम-टेन बोल्टच्या दांड्याची जाडी जेवढी, तेवढं. रोज मी असे बोल्ट मुठीत घेते.

दाण्याच्या मधोमध काहीतरी लुकलुकत होतं. डॉक्टरांनी त्याच्यावरून एक उभी रेघ नेली आणि खालच्या पट्टीवर ती रेघ काळाबरोबर उलगडत गेली, बारीक लाटा, एकसारख्या अंतरावर. ‘एम-मोड,’ मी पटकन बोलून गेले. त्यांनी वळून बघितलं. मी काय काम करते ते सांगितल्यावर त्या मोकळेपणानं बोलू लागल्या. इतक्या लवकर त्या डॉप्लर लावून ठोके ऐकवत नाहीत, कारण त्यात एका जागी जास्त ऊर्जा जाते. नुसत्या या रेघेवरून ठोके मोजता येतात, तेवढं पुरतं. जेवढ्यानं काम भागेल तेवढाच ध्वनी, तेवढाच वेळ. मिनिटाला १३८, त्यांनी मोजून सांगितलं. मी हॅमरबद्दल विचारलं, जमिनीतून येणाऱ्या हादऱ्याबद्दल, आवाजाबद्दल. त्या म्हणाल्या, कान अजून घडायचेत, पण पुढच्या महिन्यांत आवाजापासून लांब बसायचं बघा. सात आठवडे, असं रिपोर्टवर आलं. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करतात, म्हणजे पहिले दोन आठवडे तर तो जीव नव्हताच. प्रत्यक्षात पाचच आठवड्यांचा, आणि त्यातले कितीतरी दिवस हृदय चालू आहे.

मी त्या दोन टोकांच्या मधल्या जागेकडे बघत होते. तिथे काहीतरी होतं, हलत होतं, आणि ते असावं, राहावं, मोठं व्हावं, असं मला इतक्या जोरानं वाटलं की मला माझीच भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रतिध्वनी मागत होते.

घरी आल्यावर हे यंत्र माझ्या टेबलावरून त्या टेबलावर कसं गेलं याचा मी माग काढला. तो रस्ता खरंच कारखान्यातून जातो. ग्लासगोला इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात हवाईदलात असल्यामुळे त्यांना रडारची ओळख झालेली. तिथल्या बॉयलर बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीत वेल्डिंगमधले दोष शोधायला अल्ट्रासॉनिक मशीन वापरत, अगदी आमच्यासारखं. कंपनीच्या एका संचालकाची पत्नी डोनाल्डांची रुग्ण होती, त्या ओळखीवर ते १९५५ च्या जुलैमधे शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेनफ्र्यूच्या कारखान्यात गेले. पाण्यानं भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे येतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तुलनेसाठी कंपनीनं मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. प्रतिध्वनी वेगवेगळे आले.

पुढच्याच वर्षी, दोष शोधण्याची यंत्रं बनवणाऱ्या केल्व्हिन अँड ह्यूज कंपनीतल्या टॉम ब्राउन या तरुण इंजिनिअरच्या कानावर आलं, की कुणी प्रोफेसर आपलं मशीन माणसांवर लावतोय. त्यानं फोनच्या डिरेक्टरीत नंबर शोधला आणि सरळ फोन केला. हा फोन मला त्या सगळ्या कथेत फार आवडतो. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याच्या कामात ते बसतही नव्हतं. त्या दोघांचा आणि जॉन मॅकव्हिकर या डॉक्टरांचा निबंध ७ जून १९५८ ला ‘लॅन्सेट’मधे आला. त्यात एका बाईची हकीकत आहे: पोट फुगलेलं, पोटाचा कॅन्सर, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, असं ठरलेलं. ध्वनीनं दाखवलं की ती मोठी पाण्याची गाठ आहे, ती काढता येईल. काढली, बाई वाचली. माझ्या धंद्यातलं मशीन त्या बाईच्या पोटावर टेकलं तेव्हा त्यानं रिजेक्ट केलेलं परत घेतलं, हे मला सांगावंसं वाटतं. शॉप फ्लोअरवरच्या प्रत्येक नव्या मुलाला मी आता हे सांगणार आहे.

पण मी बीड जिल्ह्यातली आहे, केज तालुक्यातली. त्यामुळे ही गोष्ट मला इथे थांबवता येत नाही. २००१ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ ला ८०७. राज्याचा आकडा त्याच दहा वर्षांत ९१३ वरून ८९४ वर आला. प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, पुण्या-मुंबईत नाही आणि बीडमधेही नाही. जिथे मशीन पोचलं तिथे तो पोचला. महाराष्ट्रानं तर देशात सगळ्यांत आधी, १९८८ मधे, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला होता. मग १९९४ चा केंद्राचा कायदा. तो कागदावरच राहतोय म्हणून पुण्याची ‘मासूम’, मुंबईची ‘सेहत’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज २००० मधे सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे यंत्रांची नोंदणी नीट सुरू झाली आणि २००३ ला कायदा कडक झाला. कोल्हापुरात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी मशीनना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवले, प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण. फॉर्म एफवरच्या माझ्या सहीमागे ही एवढी माणसं उभी आहेत. काउंटरवर पेन हातात राहिलं ते त्यामुळे. माझ्या वर्गात शाळेत मुली कमीच होत्या; त्याचं कारण तेव्हा कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नाही.

दोष नसलेल्या जॉबला कुणी लाल रंग मारला तर आमच्याकडे चौकशी बसते. कुणी मारला, कुठल्या स्टँडर्डनुसार, कॅलिब्रेशन केलं होतं का. त्या मुलींची चौकशी कुठल्याच शिफ्टमधे झाली नाही. हे लिहिताना माझा हात जड होतो आणि तो व्हायलाच हवा.

आता पुढची तपासणी आहे, एनटी स्कॅन. अकरा आठवडे ते तेरा आठवडे सहा दिवस एवढाच तिचा काळ. तोवर बाळ ४५ ते ८४ मिलिमीटरचं झालेलं असतं, आणि मानेच्या मागे कातडीखाली जे पाणी असतं त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. ती, आईचं वय आणि रक्ताची डबल मार्कर तपासणी, यांवरून काही गुणसूत्रदोषांची शक्यता काढतात. मला हे वाचताना घाम फुटला. कारण ही भाषा माझी आहे. मोजमाप, मर्यादा, दोष.

मी डॉक्टरांना विचारलं, ‘आमच्या ड्रॉइंगवर अॅक्सेप्टन्स लिमिट लिहिलेली असते. इथे किती?’ त्या लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ३.५ च्या वर गेलं तर पुढच्या तपासण्या नक्की सुचवतो, पण तेवढं असूनही धडधाकट जन्मलेली मुलं मी बघितली आहेत. हा रिपोर्ट अमुक इतक्यांत एक, असा येतो; हो किंवा नाही असा येत नाही. लिंगाचा प्रश्न विचारायचा नाही आणि तब्येतीचा विचारायचा, ही रेघ कायद्यानं आखलीय आणि ती योग्य जागी आखलीय, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रेघेच्या अलीकडे उभं राहिलं म्हणजे प्रश्न सोपा झाला, असं नाही. नवरा सेकंड शिफ्टहून रात्री एकच्या पुढे आला तेव्हा मी जागी होते. त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ हातपाय धूत राहिला, मग म्हणाला, ‘काही आलंच तर तू एकटी ठरवायचं नाहीस. मीही नाही.’ त्यापुढे आम्हाला दोघांनाही काही सुचलं नाही.

तपासणी करायची, एवढं ठरलंय. नंतरचं ठरलेलं नाही, आणि ते मी डॉक्टरांना तसंच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, रिपोर्ट कसाही आला तरी समोर बसून समजावीन, आणि उत्तर त्याच दिवशी मागणार नाही. आईला फोन केला तर तिनं विचारलं, ‘मशिनीत काय दिसतंय ते तुला तर कळतंच की, मग भ्यायचं कशाला?’ मी म्हटलं, ‘आई, कळतं म्हणूनच.’ ती येते म्हणाली, आठ दिवस आधीच, ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. मी शुक्रवारची रजा टाकली आणि नवऱ्यानं शिफ्ट बदलून घेतली.